यंत्रांच्या पाण्याचा हिशेब

पिंपरी-चिंचवड महापालिकेने 25 नोव्हेंबर 2019 रोजी शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला आणि सांगवीपासून निगडीपर्यंतच्या संसारांनी आपली घडी त्याप्रमाणे बसवून घेतली. इतक्या निमूटपणे ज्यांनी पाणी मोजून घेतले, त्या नागरिकांना एक प्रश्न विचारण्याचा अधिकार खचित आहे. शहरात व शहराच्या शिवेवर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना पाणी किती मिळणार, आणि ते कोणाच्या वाट्याचे?

हा प्रश्न हवेतला नव्हे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे परिसरातून आपली सेवा सुरू केली. पुढे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये व 2024 मध्ये हिंजवडीत त्या कंपनीने मोठ्या जमिनी घेतल्या. उद्योगास आमचा विरोध नाही. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून कारखान्यांनीच हे शहर घडविले आहे. शिवाय बँकेची खाती, रेल्वेची तिकिटे आणि नातवंडांची छायाचित्रे आपण ज्या यंत्रांच्या स्वाधीन केली आहेत, ती कोठे तरी ठेवावी लागणारच.

परंतु ही यंत्रे अहोरात्र तापतात आणि त्यांना निवविण्याचा एक सोयीचा मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणे. घरातले बहुतेक पाणी सांडपाणी होऊन परत येते व शुद्ध करता येते. वाफ झालेले पाणी गावाला कायमचे मुकते. बिनपाण्याच्या नव्या रचनेने दर केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून अधिक पाणी वाचेल, असे मायक्रोसॉफ्टनेच 2024 मध्ये जाहीर केले. दरडोई 135 लिटर धरल्यास हे सुमारे अडीच हजार माणसांचे पाणी झाले. एकट्या केंद्राचा हा आकडा छाती दडपविणारा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण अशी केंद्रे एकेकटी राहत नाहीत. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, डोंगरांच्या पर्जन्यछायेत द डॅल्स नावाचे लहानसे नगर आहे. तेथील गूगलच्या केंद्रांनी 2021 मध्ये सुमारे 134 कोटी लिटर पाणी घेतले, म्हणजे सगळ्या नगराच्या वापराच्या चतुर्थांशाहून अधिक! त्याहून उद्वेगजनक गोष्ट ही की, हा आकडा व्यापारी गुपित ठरवून तो प्रसिद्ध होऊ नये म्हणून नगरपालिका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेली. 2022 च्या अखेरीस तडजोड झाली, तेव्हा कोठे नागरिकांना आपल्याच पाण्याचा हिशेब कळला.

पाण्याऐवजी यंत्रांनीच गारवा निर्माण करावा, तर बहुधा वीज अधिक लागते. आणि आपली बरीचशी वीज कोळशाची, म्हणजे तीही पाणी पिणारी. 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तेव्हा पिंपरीत वाचलेले पाणी मराठवाड्यात खर्ची पडणार नाही ना, हेही पाहावे लागेल.

सांगवीच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गावाला मुळा आणि पवना या दोन्ही नद्यांचा शेजार आहे, आणि दोहोंच्या पाण्यावरून रण माजलेले आहे. मुळेचे पाणी मुळशीला अडवून, विजेसाठी कोकणात उतरविण्याच्या टाटांच्या योजनेविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मावळ्यांची शेते बुडाली, मुंबईचे कारखाने चालले. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करण्यासाठी मावळचे शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांना प्राण गमवावे लागले. ज्या शहरासाठी हे रक्त सांडले, त्याने आपल्या वाट्यातून कोणाला किती पाणी दिले ते झाकून ठेवणे शोभत नाही.

म्हणून महापालिका व औद्योगिक विकास महामंडळ या दोघांनीही — कारण दोघेही रावेत येथून पवनेचेच पाणी उचलतात — प्रत्येक डेटा सेंटरला मंजूर केलेले पाणी, प्रत्यक्ष वापर आणि त्याचा उगम दरमहा प्रसिद्ध करावा. थंडाव्यासाठी पिण्याचे पाणी मुळीच देऊ नये. मैलाशुद्धीकरण केंद्रांतून नदीत सोडले जाणारे पाणी आणखी शुद्ध करून या कामी वापरता येते. त्याचा खर्च अर्थातच कंपन्यांनी सोसावा. ज्यांना एकरामागे कोट्यवधी रुपये मोजता येतात, त्यांना एक नळयोजना जड जाऊ नये. आणि ही अट परवान्यातच घातली पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर पाणी नाकारण्याचे धैर्य कोणत्या अधिकाऱ्यात असते, हे वाचक जाणतातच. पवनेच्या पाण्याचा विचार करण्यासाठी कालवा सल्लागार समिती पालकमंत्र्यांपुढे बसते. तिच्या पुढील बैठकीत शेती, शहर व कारखाने यांच्या आकड्यांशेजारी डेटा सेंटरचा स्वतंत्र रकाना असावा, एवढी मागणी तरी आमच्या लोकप्रतिनिधींनी आजच लेखी नोंदवावी.