ओढकामाचे पशू आणि भूमी
स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या खोऱ्यात अठराव्या शतकापासून स्थानिक घोड्या व फ्लँडर्सकडील थोराड घोडे यांच्या संकरातून क्लाइड्सडेल ही अवजड जात सिद्ध होत गेली. जयपूरच्या वायव्येस नागौर भागातील शेतकऱ्यांनी मात्र वाळूत चपळ चालणारा, लांब पायांचा नागोरी बैल निवडीने घडविला. असे का? शरीर जितके मोठे, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी. म्हणून श्रमाने निर्माण झालेली उष्णता सावकाश बाहेर पडते. थंड खोऱ्यात हे सोसते. मरुभूमीत ते जाचक ठरते. पुढे ट्रॅक्टर आले, आणि दोन्हीकडे या पशूंची मागणी घटली. मागणी सरली की उत्तम नराची निवड थांबते व पिढ्यान्‌पिढ्या साठविलेले गुण विखुरतात. म्हणून शुद्ध पैदास जपली पाहिजे. लुप्त झालेली जात जशीच्या तशी पुन्हा घडविता येत नाही.