जिंकलेल्याने पैसे कशाला भरायचे?

बक्षीस पाच लाख पौंडांचं, आणि ते सोडवून घ्यायला भरायचे अवघे साडेबारा हजार रुपये. लॉटरीच्या ईमेलचा सगळा धंदा असल्या दोन आकड्यांवर चालतो. नावं तेवढी बदलत राहतात. कधी ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी, कधी कोका-कोला, कधी मायक्रोसॉफ्ट, आणि अलीकडे व्हॉट्सॲपवर ‘कौन बनेगा करोडपती’चे २५ लाख. मजा अशी की या ठकबाजीविषयी बहुतेकांनी ऐकलेलं असतं, आणि ऐकून मनात काही पक्के समज करून घेतलेले असतात. ठकांना ते समज फार उपयोगी पडतात.

पहिला समज म्हणजे अडाणी किंवा हावरा माणूसच फसतो. प्रत्यक्षात सायबर पोलिसांकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांत निवृत्त अधिकारी असतात, शिक्षक असतात, दुकान नीट चालवणारे व्यापारी असतात. आयुष्यभर फॉर्म भरलेल्या, शुल्काच्या पावत्या जपून ठेवलेल्या माणसाला ‘प्रोसेसिंग फी’ या शब्दांत वावगं काही वाटत नाही. आणि पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. ती भरली की कळतं, विमा राहिला. विमा भरला की कळतं, पौंडाचे रुपये करायचं शुल्क राहिलं. तिसऱ्या हप्त्यापर्यंत माणूस बक्षिसासाठी पैसे भरतच नसतो. आधी भरलेले बुडू नयेत म्हणून भरत असतो. ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या शतकात युरोपात पत्रं यायची: स्पेनच्या तुरुंगात एक धनाढ्य कैदी अडकला आहे, त्याच्या सुटकेला थोडी मदत करा, मोबदल्यात खजिन्यात वाटा मिळेल. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून पुढे या प्रकाराला जगभर ‘फोर वन नाइन’ म्हणू लागले. आपल्या चारशेवीसच्या अगदी शेजारचा आकडा!

दुसरा समज शिकलेल्यांचा लाडका: ‘इंग्रजी गचाळ असतं, लगेच ओळखू येतं.’ मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याची उलट बाजू मांडली. लाखो मेल पाठवायला खर्च जवळजवळ शून्य. खर्च होतो तो उत्तर देणाऱ्यांशी दिवसेंदिवस बोलण्यात. म्हणून पहिला मेल जितका अविश्वसनीय, तितकं ठकाचं काम सोपं. शंकेखोर माणसं आपणहून गळतात आणि पुढे पैसे भरतील अशीच उरतात. म्हणजे ज्या चुकांना आपण हसतो, ती एक चाळणी असते. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी स्वच्छ इंग्रजीच काय, ठीकठाक मराठीतही मेल लिहून मिळतो. भाषेवरून पारख करण्याची सवय सोडलेलीच बरी.

सर्वांत महागात पडतो तो तिसरा समज, कारण तो अर्धा खरा आहे: ‘लॉटरीवर कर लागतोच, मग आधी भरायला सांगितला तर काय बिघडलं?’ कर लागतो हे बरोबर. पण भारतात १० हजार रुपयांहून मोठ्या लॉटरी बक्षिसावरचा ३० टक्के कर बक्षीस देणाऱ्यानेच कापून सरकारकडे भरायचा असतो आणि उरलेली रक्कम विजेत्याला द्यायची असते. विजेत्याने कुणा ‘क्लेम एजंट’च्या बचत खात्यात कर पाठवायचा, ही तऱ्हा कायद्यात कुठेच नाही. एक बारकावा मात्र आहे. बक्षीस मोटारीसारखं वस्तूच्या रूपात असेल, तर वस्तू हातात पडण्यापूर्वी कर भरलेला असावा लागतो. ठक याच नियमाचा आधार घेतात. पण तोही कर सरकारी तिजोरीतच जातो. यूपीआयवरच्या एखाद्या मोबाइल नंबरावर जात नाही.

आता ठक पाठवतात ते रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र. गव्हर्नरांची सही, शिक्का, वर ‘तुमच्या नावे रक्कम जमा आहे’ असं प्रमाणपत्र. इथे एकच गोष्ट ठाऊक असली तरी पुरे: रिझर्व्ह बँक कुणाही व्यक्तीचं पैसे ठेवायचं खातं चालवत नाही. तिथे तुमच्या नावावर पैसे पडून असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि बँकेने हे वेळोवेळी जाहीरही केलं आहे. परदेशी लॉटरीची गोष्ट तर त्याहून सरळ आहे. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायलाच बंदी आहे. म्हणजे साताऱ्यात बसून ब्रिटनच्या लॉटरीसाठी ‘शुल्क’ पाठवणारा माणूस पैसे तर घालवतोच, वर नियमही मोडतो.

मग खऱ्या लॉटऱ्या नसतातच का? असतात की. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, केरळची त्याच्याही आधीपासून. अबूधाबीच्या ‘बिग तिकीट’मध्ये तिथे राहणारे भारतीय खरोखर जिंकतात आणि बातम्या येतात. म्हणूनच ती नावं ठकांना सोयीची वाटतात. पण त्या प्रत्येक विजेत्याने तिकीट काढलेलं असतं. ईमेल पत्त्यांतून चिठ्ठी काढणारी लॉटरी जगात कुणी चालवत नाही.

‘मी ओटीपी दिला नाही, नुसता खाते क्रमांक आणि आधारची प्रत दिली’ असं म्हणून काही जण निर्धास्त राहतात. मात्र त्या कागदांवर त्यांच्याच नावाने सिमकार्ड किंवा कर्ज काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. आणि ‘बक्षिसाचा पहिला हप्ता’ म्हणून खात्यात खरेच पैसे आले तर जास्तच सावध व्हावं. ते बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात. पुढे पाठवायला सांगितले आणि तुम्ही पाठवले, की तुमचं खातं ‘म्यूल अकाउंट’ ठरतं. गोठतं तुमचं खातं, चौकशीला बोलावणं येतं तेही तुम्हालाच.

पाठवणाऱ्याचं नाव बघून भुलू नये, हे एव्हाना सगळे सांगतात. नावावर बोट ठेवलं की मागचा खरा पत्ता दिसतो, आणि रिझर्व्ह बँकेचं पत्र फुकटच्या जीमेलवरून आलेलं निघतं. पण पत्ताही बनावट दाखवता येतो. त्यामुळे मी पत्त्याआधी पैशांची दिशा बघायला सांगेन. तुमच्याकडून तिकडे जात असतील, तर पुढचं वाचायची गरज नाही.

पैसे गेलेच तर? ‘बँक भरून देईल’ हा समज चुकीचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे; इथे पैसे आपण स्वतः पाठवलेले असतात. ‘आता काहीच होणार नाही’ हाही तितकाच चुकीचा. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर रक्कम ज्या खात्यात गेली तिथेच ती रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. ठकाने ती काढून घेण्याआधी हे व्हायला हवं, म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. त्यानंतर ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी लागेल’ असं सांगणारा वकील किंवा ‘सायबर अधिकारी’ भेटला, तर तो त्याच टोळीतला असण्याचा संभव मोठा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

आणि लाजेपोटी तो मेल डिलीट करू नका. तो कोणत्या सर्व्हरवरून निघाला याची नोंद मूळ मेलच्या हेडरमध्ये असते. स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही.