नियम, करार की अहदनामा?

आपल्या बुऱ्हाणपुरात मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. जामा मशिदीत तर अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा न दिसणारी एक गोष्ट आपल्याला आयती दिसते. बायबलच्या दुसऱ्या भागाला हिंदीत ‘नया नियम’ म्हणतात, मराठीत ‘नवा करार’ आणि उर्दूत ‘नया अहदनामा’. पुस्तक तेच, पण मुखपृष्ठावरचे हे तीन शब्द सारखे नाहीत. नियम वरून येतो, आपण तो फक्त पाळायचा. करार दोघांत होतो. अहद म्हणजे दिलेला शब्द. म्हणजे वाचक पहिलं पान उघडायच्या आधीच आत काय शोधायचं हे त्याला सांगून झालेलं असतं. गंमत अशी की प्रचलित हिंदी बायबल आत उघडलं की ‘नियम’ मागे पडतो आणि ‘वाचा’ हा शब्द येतो. मराठीतला ‘कराराचा कोश’ हिंदीत ‘वाचा का सन्दूक’ होतो.

या एका शब्दावर सर्वात जास्त डोकं खपवलं ते सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या प्युरिटन लोकांनी. आपल्याला हे नाव अभ्यासक्रमात मिल्टन आणि बनियनमुळे भेटतं, आणि सोबत ‘रुक्ष, नाटक-नाच बंद करणारी माणसं’ एवढीच ओळख चिकटून येते. ती अगदीच खोटी नाही, पण अपुरी आहे. चर्चची सुधारणा अर्धवट राहिली आहे, ती बायबलच्या आधाराने पुरी करा, हा त्यांचा आग्रह होता. सर टॉमस रो १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझला भेटला, त्याच्या चारच वर्षं आधी इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या नावाने ओळखलं जाणारं बायबल छापलं गेलं होतं. त्या भाषांतराची मागणी १६०४ च्या हॅम्पटन कोर्टच्या बैठकीत जॉन रेनॉल्ड्स या प्युरिटन विद्वानानेच केली होती.

बायबल कसं वाचायचं याबद्दल त्यांची शिस्त कडक होती. मध्ययुगात एका वचनाचे चार-चार अर्थ काढायची पद्धत होती: शब्दशः, रूपकात्मक, नैतिक आणि परलोकाविषयी. प्युरिटनांनी म्हटलं, वचनाचा खरा अर्थ एकच असतो. तो कळत नसेल तर दुसरीकडे जिथे तोच विषय जास्त स्पष्ट आला आहे तिथे जा. शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीच्या पहिल्याच प्रकरणात हे लिहिलेलं आहे. केंब्रिजच्या विल्यम पर्किन्सने तर उपदेशकांसाठी या कलेवर पुस्तकच लिहिलं: आधी वचन वाचा, मग अर्थ सांगा, त्यातून शिकवण काढा आणि शेवटी ती ऐकणाऱ्याच्या जगण्याला लावून दाखवा. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग ज्यांनी ऐकलेत त्यांना ही चाल फार परकी वाटू नये.

ही पद्धत कशी चालते हे पाहायला उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घ्या. प्रसंग विचित्र आहे. देव अब्रामाला कालवड, शेळी, एडका, होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम पक्षी सोडून बाकीची जनावरं मधोमध चिरतो आणि तुकडे समोरासमोर मांडतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. मग अंधारात धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते. आणि ग्रंथ सांगतो, त्या दिवशी देवाने अब्रामाशी करार केला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यातलं काहीही कळलं नव्हतं. आता प्युरिटनांच्या नियमाने दुसरीकडे जाऊ. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात यरुशलेमचे पुढारी वासरू चिरून त्याच्या तुकड्यांमधून चालत गेलेत, करार केलाय आणि मग तो मोडलाय. देव म्हणतो, मी त्यांची गत त्या वासरासारखी करीन. झालं, कोडं सुटलं. तुकड्यांमधून जाणं म्हणजे ‘शब्द मोडला तर माझे असेच तुकडे होवोत’ अशी शपथ. हिब्रूत करार ‘करतात’ किंवा ‘लिहितात’ असं नाही, करार ‘कापतात’.

आता पुन्हा अब्रामाकडे या. रीतीप्रमाणे शपथ घेणारा त्या तुकड्यांमधून जातो. इथे अब्राम झोपलेला आहे. भट्टी आणि मशाल या रूपात जातो तो देव, एकटा. म्हणजे करार मोडण्याची शिक्षा त्याने स्वतःवर ओढून घेतली. प्युरिटन ज्याला ‘कृपेचा करार’ म्हणत, त्याची मूळ कल्पना या एका दृश्यात दिसते, आणि ख्रिस्ताच्या मरणाकडे ते याच वाटेने जात.

पण मग ‘करार’ हा शब्द बरोबर आहे का? माझे मामा तहसील कचेरीबाहेर दस्त लिहितात. भाडेकरार, इकरारनामा, वसीयतनामा असं सगळं दिवसभर चालू असतं. त्यांना मी विचारलं, एकाच बाजूने झालेल्या कराराला काय म्हणायचं? मामा म्हणाले, “अगं, एका सहीचा करार होत नाही. साक्षीदार सोड, ते दोन्हीकडे असतात. पण करारात देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या लागतात. एकाच सहीवर चालतो तो वसीयतनामा. आणि तोही लिहिणारा आहे तोवर मुकाच.”

मामांनी बायबल वाचलेलं नाही, पण त्यांनी बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं जिथे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे अनुवादकही थांबले असतील. हिब्रू ‘बरीथ’ ग्रीकमध्ये नेताना त्यांच्यापुढे दोन शब्द होते. ‘सुन्थेके’ म्हणजे बरोबरीच्या दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट. ‘दियाथेके’ म्हणजे एकाने लावून दिलेली व्यवस्था, आणि व्यवहारात मृत्युपत्रसुद्धा. त्यांनी दुसरा शब्द घेतला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक याच दुहेरी अर्थावर युक्तिवाद उभा करतो: मृत्युपत्र लागू व्हायला ते करणारा मेलेला असावा लागतो. मराठी बायबल इतरत्र ‘करार’ लिहितं, पण तिथे आलं की ‘मृत्युपत्र’ म्हणतं. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच आहे. जॉन ओवेन या प्युरिटन पंडिताने इब्रीकरांच्या पत्रावर लिहिलेलं भाष्य १६६८ ते १६८४ अशी सोळा वर्षं खंडाखंडाने छापून येत होतं. या एका शब्दात केवढी गुंतागुंत आहे हे पाहिलं की त्याचं नवल वाटत नाही.

तरी मी मराठी शब्दाची बाजू घेईन. ‘करार’ हा अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी स्थिरावणं, ठरणं हा अर्थ आहे. म्हणून ज्याचं मन ठरत नाही तो ‘बेकरार’. आणि आपण ‘करारी माणूस’ म्हणतो तो काही स्टॅम्पपेपर घेऊन फिरत नसतो; तो शब्दाचा पक्का असतो, हलत नाही. (हिंदीच्या सवयीने कुणाला करारी म्हटल्यावर पापड आठवला तर माझा इलाज नाही.) ‘नव्या करारा’त हा करारीपणा ऐकू आला तर अब्रामाच्या रात्रीचं दृश्य त्या शब्दात बसतं. नुसता भाडेकरार ऐकू आला तर बसत नाही.

प्युरिटनांचं मात्र एका जागी मला पटत नाही. कृपेच्या कराराआधी आणखी एक करार होता असं ते शिकवत: देवाने आदामाशी केलेला ‘कर्माचा करार’. आज्ञा पाळ आणि जग, मोडलीस तर मर. अडचण ही की उत्पत्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात ‘करार’ हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा येतो सहाव्या अध्यायात, नोहाच्या गोष्टीत. त्यांचं उत्तर होतं की ग्रंथातून जे अटळपणे निष्पन्न होतं तेही ग्रंथाचंच. आधाराला होशेयाच्या सहाव्या अध्यायातलं सातवं वचन दिलं जातं, पण तिथला हिब्रू शब्द ‘आदामासारखा’, ‘माणसांसारखा’ किंवा ‘आदाम’ नावाच्या गावी असा तीन तऱ्हांनी घेता येतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ‘माणसांसारखा’ घेतला. रोमकरांस पत्रातली आदाम आणि ख्रिस्ताची तुलना हा त्यांचा जास्त बळकट आधार आहे, हे मान्य. तरी मला वाटतं, इथे आराखडा आधी तयार झाला आणि वचनं नंतर त्यात बसवली गेली. एकच अर्थ मानणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण आपण अर्थ लावतोय हेच त्यांच्या लक्षात राहत नाही.

हा वाद पुस्तकात राहिला नाही. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या पुढारपणाखाली प्युरिटनांचा मोठा जथा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला, आपण देवाशी करार करून निघालो आहोत या भावनेनेच. चार वर्षांनी ॲन हचिन्सन तिथे आली. ती घरी बायका जमवून रविवारच्या उपदेशावर चर्चा करायची. पुढे पुरुषही येऊ लागले. तिचं म्हणणं असं की बहुतेक उपदेशक तोंडाने कृपा सांगतात आणि शिकवतात कर्माचाच करार, कारण चांगलं वागणं हा तारणाचा पुरावा धरतात. १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालला, समोर गव्हर्नर म्हणून विन्थ्रॉपच होता. १६३८ मध्ये तिला वसाहत सोडावी लागली. दोघांचा ग्रंथ एक, शब्द एक, वाचायची शिस्तही एक. फरक एवढाच की कराराला अट आहे का, याचं उत्तर दोघांनी वेगळं दिलं. आणि अट आहे म्हणणाऱ्यांच्या हातात न्यायालय होतं.

मग पुढचा प्रश्न आला, करारात कोण आणि बाहेर कोण? या मंडळ्यांत पूर्ण सभासद व्हायला स्वतःच्या अंतःकरणपालटाची साक्ष द्यावी लागे. पुढच्या पिढीतल्या अनेकांना ती देता येईना. मग त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा करायचा की नाही? १६६२ मध्ये तडजोड निघाली: बाप्तिस्मा द्या, पण प्रभुभोजन आणि मताधिकार नाही. लोकांनी त्याला ‘अर्ध्या वाटेचा करार’ असं नाव ठेवलं. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि मग एक जण म्हणाली, “आमच्याकडे अजून तोच प्रश्न आहे, फक्त कुणी विचारत नाही.”

न्यू इंग्लंडमधल्या याच प्युरिटनांच्या वारसदार मंडळ्यांनी १८१० मध्ये परदेशी मिशनचं बोर्ड स्थापन केलं. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून मत्तयाचं मराठी शुभवर्तमान निघालं, १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं आणि १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. बनियनचं प्रवासरूपक हरि केशवजींनी ‘यात्रिक्रमण’ या नावाने १८४१ मध्येच मराठीत आणलं होतं. म्हणजे मराठी प्रोटेस्टंट घरांत बायबल वाचायची जी सवय रुजली, तिचा एक धागा थेट विन्थ्रॉप आणि हचिन्सनच्या बॉस्टनपर्यंत जातो.

याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, मग नगरला वास्तव्य. पण त्यांच्या कवितेला संतांची भक्ती परिचयाची होती, आणि वारकऱ्याचं विठ्ठलाशी नातं कुठल्या कागदावर ठरत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.