बुडालेल्या रोजाचा हिशेब

सकाळी 9.45
पिंगळीच्या ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. दार उघडलं की आधी टेबलासमोर दोन खुर्च्या ओढून ठेवते. आलेल्या माणसाला उभं ठेवून बोलायचं नाही. मग सेवांचा फलक पुसते: जन्म, मृत्यू, विवाहाचे दाखले, नमुना 8 चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला. प्रत्येकापुढे मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं हा फलक बंधनकारक केला आहे. कुणाला काही विचारायची भीड वाटली, तरी त्याला फलक वाचता येतो.

10.30
कापूस वेचणीचे दिवस आहेत. अशात जी बाई इथं येते, ती रोज बुडवून येते.
"माय, नेट हाय का आज?" आजी दारातूनच विचारतात.
"आहे आजी. या, बसा आधी."
त्यांना संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवाय. रजिस्टरातलं नाव आणि आधारवरचं नाव मी मोठ्यानं वाचून ताडून घेते. एका अक्षराच्या फरकानं अर्ज परत आला, तर आजींचा आणखी एक रोज जाईल. शेवटी पोच हातात देते. त्यावर अर्जाचा क्रमांक असतो आणि मुदत तिथून मोजली जाते. सबळ कारणाशिवाय उशीर झाला, तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पोच न देता "उद्या या" म्हणणं, कितीही गोड आवाजात म्हटलं, तरी ते सौजन्य नव्हे.

दुपारी 12.00
"किती चकरा मारायच्या वो?" एक भाऊ तावातावानं आत येतात. वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली, नोंद राहून गेली. मी आवाज चढवत नाही. त्यांचं सगळं ऐकून घेते आणि मग सांगते: मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो इथं मिळत नाही. परभणीला कुठल्या कार्यालयात जायचं, कोणते कागद न्यायचे, ते चिठ्ठीवर लिहून देते. "नाही" म्हणायला जीभ अडते, म्हणून पुष्कळजण "बघू" म्हणतात. त्या "बघू"वर विसंबून माणूस पुन्हा येतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं आणि अपील कुठं करायचं तेही कळवावं, असं लोकसेवा हक्क कायदाच सांगतो.

1.30
डबे एकत्र उघडतो. पहाटे पाणी सोडणारे दादा, शिपाईमामा, मी. तिघांनाही "तुम्ही". अनेक ठिकाणी पुरुषाला "साहेब" आणि बाईला "ए, इकडं ये" ऐकावं लागतं; कामाचा मान असा वाटून देता येत नाही. आणि दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात हे वागणं लैंगिक छळापर्यंत गेलं, तर 2013 च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती प्रत्येक बाईला नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळायला हवी.

3.00
भाऊसाहेब पंचायत समितीची बैठक उरकून येतात. 2024 पासून त्यांचं ग्रामसेवकाचं पद "ग्रामपंचायत अधिकारी" झालं, गावाचे ते अजून भाऊसाहेबच. तेवढ्यात एका वजनदार गृहस्थांचा फोन येतो, आपल्या माणसाचा उतारा आधी काढा म्हणून. भाऊसाहेब शांतपणे म्हणतात, "समोर तिघं बसलेत. त्यांचं झालं की लगेच देतो." फोनवरच्यांचा अपमान झाला नाही आणि रांगेतल्यांवर अन्यायही झाला नाही.

5.30
शिल्लक अर्जांची यादी काढते. ज्यांचे दाखले तयार आहेत त्यांना फोन, आणि ज्यांचे अडलेत त्यांना तर आधी फोन: "उद्या येऊ नका, झालं की मीच कळवते." दोन मिनिटांत हे होतं आणि समोरच्याचा अख्खा दिवस वाचतो. कार्यालयातलं सौजन्य मोजायचं माप माझ्यापुरतं हेच आहे: आज आपल्यामुळं कुणाचा रोज बुडला, आणि कुणाचा वाचला.