तीनाचे सत्तावीस होतात ते कसे?

तीन फुटांचा एक यार्ड, म्हणजे आपला वार. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हे ठाऊक असते, कारण लुगडे आजही वारावरच मोजतात. त्यामुळे घनफुटांचे घनयार्ड करायचे म्हटले की हात आपोआप तीनने भागायला जातो आणि हिशेब नऊपट चुकतो. एका घनयार्डात तीन नव्हे, २७ घनफूट असतात.

खात्री करून घेणे सोपे आहे. जमिनीवर एक यार्ड लांब आणि एक यार्ड रुंद असा चौकोन आखा. त्यात फूटभर लांबी-रुंदी-उंचीची खोकी मांडा. लांबीला तीन, रुंदीला तीन, म्हणजे पहिल्या थरात नऊ बसतात. पण उंची अजून फूटभरच झाली आहे. यार्डभर उंची गाठायला तसे तीन थर लागतात, आणि खोकी होतात २७. म्हणून घनफुटांना २७ ने भागले की घनयार्ड मिळतात, घनयार्डांना २७ ने गुणले की घनफूट.

यातला अर्धा धडा आपल्या शेतकऱ्याला आधीच पाठ आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. हाच गुंठा वारात मोजला तर ११ बाय ११, १२१ चौरस वार. १,०८९ ला नऊने भागले की १२१ येतात, तीनने भागून येत नाहीत. शिवाय दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर अर्धा गुंठा उरत नाही, पाव गुंठा उरतो, हे वाटणीच्या वेळी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जमिनीच्या बाबतीत जे इतके पक्के आहे, ते उंची किंवा खोली मध्ये आली की निसटते. आणि अहिल्यानगर जिल्ह्यात तर वाळू, मुरूम, विहीर, शेततळे, धरणाचे आवर्तन हे सगळे हिशेब उंची-खोलीचेच आहेत.

घनयार्डाशी आपला काय संबंध, असे संगमनेरच्या किंवा शेवगावच्या गवंड्याला वाटू शकेल. आपल्याकडे तयार काँक्रीट घनमीटरवर विकले जाते आणि खडी ब्रासवर. अमेरिकेत मात्र काँक्रीट, माती, खडी घनयार्डावर मिळते आणि बोलताना 'घन' हा शब्द गळून जातो. तिकडे स्थायिक झालेला भाऊ फोनवर 'दोन यार्ड काँक्रीट टाकले' म्हणतो, तेव्हा ते ५४ घनफूट असते, अर्ध्या ब्रासाहून थोडे जास्त. एवढ्यावर भागले असते तर प्रश्न नव्हता. पण हल्ली मोबाइलवर परदेशी व्हिडिओ आणि हिशेबाची ॲप पाहून स्लॅबचे सिमेंट ठरवणारेही आहेत, आणि तिथे दुसरा गैरसमज आडवा येतो.

तो असा की यार्ड आणि मीटर जवळपास सारखेच. कापड घेताना हे चालून जाते. यार्ड ०.९१४४ मीटरचा, म्हणजे मीटरपेक्षा साडेआठ टक्क्यांनी लहान. पण घनात ही तूट तीनदा लागते. एक घनयार्ड म्हणजे ०.७६ घनमीटर, जवळपास चौथा हिस्सा कमी. घनयार्डासाठी दिलेले सिमेंटचे प्रमाण घनमीटरला वापरले, तर स्लॅबमध्ये सिमेंट जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी पडेल. ज्या छताखाली घरातली माणसे झोपणार आहेत, त्याच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

ब्रास म्हणजे नेमके किती?

ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर किंवा ३.७० घनयार्ड. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास हा असा. पण फरशी आणि प्लास्टरच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच असल्याने घर बांधणाऱ्याचा गोंधळ होतो आणि मजुरीचा दर आणि मालाचा दर एकाच ब्रासावर आहेत असे तो धरून चालतो. दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही, कारण एकात जाडी आहे आणि दुसऱ्यात नाही.

त्याहून जास्त पैसे जातात ते इंचांमध्ये. ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि १ फूट ८ इंच उंच असेल, तर मोबाइलवर १० गुणिले ६ गुणिले १.८ केले जाते. उत्तर येते १०८, आणि एक ब्रासाहून जास्त माल मिळाल्याचे समाधानही. पण ८ इंच म्हणजे फुटाचे आठ दशांश नव्हेत. ते आठ बारांश, म्हणजे ०.६७. खरे उत्तर बरोबर १००. बाराचा फूट दहाच्या गणकयंत्रात घालताना इंचांना आधी १२ ने भागायचे, एवढे पथ्य पाळले तरी हा तोटा टळतो.

'ओली वाळू जड असते, म्हणून वजनावर घ्यायची नाही. ब्रासवर घेतली की फसगत नाही,' हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. ओल्या वाळूच्या वजनात पाणी असतेच. पण दमट वाळू फुगतेसुद्धा. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू जास्त जागा व्यापते. ओल पाच-सहा टक्के असताना ही फूग पाव हिश्शापर्यंत, बारीक वाळूत त्याहूनही वर जाते. गंमत अशी की वाळू पाण्यात पूर्ण बुडवली तर पापुद्रे मोडतात आणि ती पुन्हा कोरड्या मापावर येते.

घरी पडताळता येईल. काचेच्या सरळ बरणीत दमट वाळू दाबून न भरता २० सेंटिमीटरपर्यंत घाला. ती काढून बरणीत निम्मे पाणी घ्या, वाळू परत टाका, ढवळा आणि बसू द्या. १६ सेंटिमीटरवर स्थिरावली, तर तुमच्या १०० घनफुटांच्या ब्रासात वाळू ८० घनफूटच होती. मिश्रणाचे प्रमाण घमेल्यांनी मोजणाऱ्या गवंड्याने ही फूग धरली नाही, तर वाळू कमी पडते आणि सगळे गणित बिघडते.

घनफळ आणि वजन यांची सांगड सरकारी दरातही दिसते. २०२३ च्या वाळू धोरणात दर ठरला ६०० रुपये ब्रास, आणि सोबत वजनाचा दर दिला गेला १३३ रुपये मेट्रिक टन. म्हणजे एक ब्रास वाळू साडेचार टन धरली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला राज्यातले पहिले शासकीय वाळू विक्री केंद्र सुरू झाले. हे साडेचार टनांचे प्रमाण ठरावीक घट्टपणाच्या वाळूचे आहे. खडी, मुरूम आणि माती यांना ते लावू नये.

मुरमाची तर वेगळीच गोष्ट. खड्ड्यातून निघालेला एक ब्रास मुरूम ट्रॉलीत सव्वा ब्रासाच्या आसपास भरतो, कारण खोदताना तो सैल होतो. पैसे खड्ड्याच्या मापाने द्यायचे की ट्रॉलीच्या, हे काम सुरू होण्याआधी ठरवले नाही तर शेवटी भांडण ठरलेले. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांचे आकडे वेगळे असतात.

धरणाचे आकडे

मुळा धरणाची साठवण क्षमता २६,००० दशलक्ष घनफूट. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. पावसाळ्यात बातम्यांमध्ये हे आकडे 'दलघफू' आणि 'दलघमी' असे एका अक्षराच्या फरकाने छापले जातात, आणि राहुरीचे मुळा पैठणच्या जायकवाडीपेक्षा बारापट मोठे असल्याचा भास होतो. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट असतात. एकाच मापात आणले की मुळा २६ टीएमसी, जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.७ टीएमसी आणि मृतसाठ्यासह एकूण क्षमता १०२.७ टीएमसी. मुळातही सगळे २६ टीएमसी वापरता येत नाही. त्यातले साडेचार टीएमसी मृतसाठ्याचे.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, शंभर कोटी घनफूट. मेट्रिक टनाशी किंवा मीटरशी त्याचा काही संबंध नाही, जरी त्यातल्या 'एम'मुळे अनेकांना तसे वाटते. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर एक टीएमसी म्हणजे बरोबर एक कोटी ब्रास पाणी. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. घनयार्डात तीन कोटी सत्तर लाख. देशात दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने आली. प्रवरेवरचे भंडारदरा त्याआधी तीस वर्षे, १९२६ साली पूर्ण झाले होते, आणि त्याचे ११,०३९ दलघफू आजही घनफुटांतच सांगितले जातात. त्याच्या खालच्या निळवंड्याचे ८,३२० दलघफूही तसेच.

क्युसेकबद्दलचा गैरसमज याहून खोल आहे. 'धरणातून दहा हजार क्युसेक पाणी सोडले' हे वाक्य ऐकले की दहा हजार ही पाण्याची राशी वाटते. तो वेग आहे. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, २८.३ लिटर. किती पाणी गेले हे कळायला किती वेळ सोडले ते कळावे लागते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला, तर एक टीएमसी पाणी जाते. तोच विसर्ग सहा तासांत बंद झाला तर पाव टीएमसी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जायकवाडीसाठी नाशिक आणि नगरच्या धरणांतून ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळेचा वाटा २.१० आणि प्रवरेचा ३.३६ टीएमसी होता. प्रवरेचे पाणी समजा ४,००० क्युसेकने सोडले, तर तेवढे जायला पावणेदहा दिवस लागतील. शिवाय धरणातून सुटलेले पाणी आणि पैठणला पोचलेले पाणी वेगळे, कारण कोरडे पात्र वाटेत आपला हिस्सा पिते. पाणीवाटपावर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचा जीव टांगलेला असतो. त्या वादात भूमिका कोणतीही असो, राशी, वेग आणि मोजण्याचे ठिकाण या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्याशिवाय बोलणेच पुढे सरकत नाही.

भिंतीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी दिसले की धरण निम्मे भरले, हा समजही लांबीची सवय घनाला लावल्यामुळे होतो. दरी तळाशी अरुंद असते, वर रुंदावते आणि पाणी चढते तसे मागेही पसरते. उंची निम्मी झाली की रुंदी आणि पसरण्याची लांबीही सुमारे निम्मी होते. इंग्रजी 'व्ही'सारख्या, मागे एकसारखी चढत जाणाऱ्या दरीत निम्म्या उंचीला साठा फक्त एक अष्टमांश असतो. प्रत्यक्षातल्या दऱ्या इतक्या सरळ नसतात, म्हणून प्रत्येक धरणाला पातळी आणि साठ्याचा स्वतंत्र तक्ता असतो. पण जुलैत भंडारदऱ्याची पातळी झपाट्याने चढताना दिसते आणि पुढे रेंगाळल्यासारखी वाटते, त्यामागे पाऊस ओसरण्याइतकेच हेही कारण असते. वरच्या एका फुटात तळाच्या एका फुटाच्या कितीतरी पट पाणी मावते.

विहीर आणि शेततळे

विहिरीचा व्यास २० फूट असेल, तर एक फूट पाण्यात ३१४ घनफूट, म्हणजे सुमारे ८,९०० लिटर पाणी असते. व्यास ३० फूट केला तर तेवढ्याच एका फुटात २०,००० लिटर. रुंदी दीडपट, पाणी सव्वादोनपट. खोदाईही सव्वादोनपटच होते, त्यामुळे फुटावर दर ठरवताना व्यास आधी लिहून घ्यावा.

शेततळ्याचे माप मात्र सर्रास चुकते. ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, म्हणून २,७०० घनमीटर, असे धरले जाते. पण काठ सरळ उभे ठेवता येत नाहीत, ढासळतात. मीटरभर खोलीला मीटरभर आत असा उतार दिला, तर तळ २४ बाय २४ मीटरचा उरतो. वरचे क्षेत्र ९००, तळाचे ५७६ आणि मधले, २७ बाय २७ चे, ७२९ चौरस मीटर. वरचे, तळाचे आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करून सहाने भागायचे आणि खोलीने गुणायचे. उत्तर येते २,१९६ घनमीटर. वर-खालची सरासरी काढली तर २,२१४ येतात आणि तेवढी चूक चालून जाते. २,७०० ची चालत नाही.

५०४ घनमीटरांचा हा फरक शेताच्या भाषेत मांडता येतो. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे ३,६३० घनफूट, सुमारे १०३ घनमीटर. म्हणजे कागदावर असलेले आणि तळ्यात नसलेले ते पाणी जवळपास पाच एकरांच्या एक इंची पाळीचे आहे. पारनेर-संगमनेरकडे डाळिंबाची बाग तळ्याच्या भरवशावर उन्हाळ्यात धरायची असेल, तर किती झाडे ठेवायची हे २,१९६ वरून ठरवावे, त्यातूनही बाष्पीभवनाचे वजा करून. खोदाईच्या अंदाजपत्रकात वरच्या मापाशेजारी तळाचे माप आणि उतार लिहून घेतला की हा आकडा कोणालाही काढता येतो.