24 कप, एक काकडी!

चहाचे कप नाहीत हो, स्टॅनली कप! आइस हॉकीतली सगळ्यात मानाची ट्रॉफी. 1993 मध्ये ती 24 व्यांदा घरी नेणारी टीम म्हणजे कॅनडाच्या माँट्रियल शहराची ‘माँट्रियल कॅनेडियन्स’. काकडी कुठे गेली? येतेय, येतेय! तोवर स्केट्सच्या नाड्या घट्ट बांधा. मैदान घसरडं आहे आणि किस्से त्याहून जास्त.

माहीत आहे का? ही टीम ज्या लीगमध्ये खेळते, त्या लीगपेक्षा वयाने मोठी आहे! क्लबचा जन्म 4 डिसेंबर 1909 चा आणि लीगचा, म्हणजे एनएचएलचा, 26 नोव्हेंबर 1917 चा. म्हणजे वऱ्हाड आधी येऊन बसलं, मांडव नंतर पडला.

जर्सीवर मोठा ‘सी’ आणि त्याच्या पोटात ‘एच’. हा एच कशाचा? सरळ आहे, हॉकीचा! पण 1924 मध्ये टेक्स रिकार्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या बड्या प्रमोटरने ठोकून दिलं की एच म्हणजे ‘हॅबिताँ’, म्हणजे क्वेबेकचे जुने फ्रेंच शेतकरी. साहेब साफ चुकले होते. पण टीमला लाडाने ‘हॅब्ज’ म्हणतात ते आजतागायत. चुकीच्या उत्तरालाही कधीकधी पैकीच्या पैकी मार्क मिळतात!

आता काकडी. जॉर्ज वेझिना, गाव शिकूटिमी, काम गोलकीपिंग. समोरून पक (हॉकीची चकती) सुसाट येवो की अख्खी टीम अंगावर धावून येवो, गडी बर्फासारखा थंड. इंग्रजीत अशा थंड डोक्याच्या माणसाला काकडीची उपमा देतात, म्हणून हा झाला ‘शिकूटिमीची काकडी’. 1910 पासून 1925 पर्यंत लीगच्या सलग 328 मॅचेस खेळला. एकही दांडी नाही!

बरं, याच वेझिनाला 22 मुलं होती, अशी थाप क्लबचा मॅनेजर लिओ दाँदुराँ याने उडवून दिली होती. त्यात तीन वेळा तिळी म्हणे! पेपरवाल्यांनीही ती आनंदाने गिळली. प्रत्यक्षात जगलेली मुलं दोनच. त्यातल्या धाकट्याचा जन्म 1916 मधल्या क्लबच्या पहिल्यावहिल्या कपच्या सुमाराचा, म्हणून त्याचं नाव ठेवलं मार्सेल स्टॅनली! (कप हातून गेला असता तर काय ठेवलं असतं, हा विचार मनात येऊन जातोच.)

आणि हा थंड माणूस मैदानाबाहेर गेला तो तापाने फणफणून. 28 नोव्हेंबर 1925 ला अंगात ताप असताना तो गोलपुढे उभा राहिला, एकही गोल होऊ दिला नाही आणि कोसळला. निदान झालं क्षयाचं. चार महिन्यांत गेला. एनएचएलच्या सर्वोत्तम गोलकीपरला आजही ‘वेझिना ट्रॉफी’च मिळते.

स्टॅनली कपच्या यादीत 1919 या सालासमोर विजेता नाही, माहीत आहे का? कॅनेडियन्स फायनल खेळायला गेले सिअॅटलला. दोन मॅच यांनी जिंकल्या, दोन त्यांनी, एक बरोबरीत. निर्णायक मॅचच्या दिवशी स्पॅनिश फ्लूने यांची निम्मी टीम अंथरुणावर! सिअॅटलला आयता कप देऊ केला, तर त्यांचा मॅनेजर पीट मल्डून म्हणाला, असा नको. फायनल रद्द झाली. 5 एप्रिलला कॅनेडियन्सचा खेळाडू जो हॉल तिथेच, सिअॅटलमध्ये वारला. त्याचं टोपणनाव होतं ‘बॅड जो’. वाईट त्याच्या नशिबात होतं, एवढं खरं.

मूड बदलू या! 1924. कप जिंकला, मंडळी कपसकट गाडीत बसून दाँदुराँच्या घरी पार्टीला निघाली. वाटेत टायर पंक्चर. स्पेअर टायर काढायला कप बाहेर काढून रस्त्याकडेला ठेवला, चाक बदललं आणि गाडी भुर्रर्र. घरी पोचल्यावर शॅम्पेन उघडायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, कप कुठाय? धावत परत गेले तर स्वारी बर्फाच्या ढिगाऱ्यावर जशीच्या तशी बसलेली! आपण लोकलमध्ये छत्री विसरतो, हे लोक वर्ल्डफेमस ट्रॉफी विसरतात.

आता जरा सावरून बसा, कारण रॉकेट येतंय. मोरिस रिशार, ऊर्फ ‘द रॉकेट’. जर्सी नंबर 9. का 9? ज्योतिषी? न्यूमरॉलॉजी? छे! मुलगी झाली, तिचं वजन भरलं 9 पौंड, आणि बाबांनी कोचकडे 9 नंबर मागून घेतला. बाबांचा हॉकीशी संबंध संपून जमाना झाला, तरी लेकीचं वजन त्या क्लबच्या छताला टांगलेलं आहे!

23 मार्च 1944. टोरांटोविरुद्ध प्लेऑफ मॅच. स्कोअर 5-1. पाचही गोल रिशारचे! मॅचनंतर तीन बेस्ट खेळाडू ‘स्टार’ म्हणून जाहीर करायची पद्धत आहे. त्या रात्री घोषणा झाली, तिसरा स्टार रिशार. दुसरा स्टार... रिशार. आणि पहिला? सांगायला हवं का?

त्याच वर्षी 28 डिसेंबरला साहेबांचं घर बदलायचं होतं. दिवसभर फर्निचर उचलून उचलून हैराण. संध्याकाळी आला आणि म्हणाला, आज माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मग डेट्रॉइटविरुद्ध 5 गोल आणि 3 असिस्ट ठोकले! हे वाचून कोणी जिमऐवजी पॅकर्स अँड मूव्हर्स जॉइन करू नये, ही नम्र विनंती. त्या सीझनला त्याने 50 मॅचमध्ये 50 गोल केले. क्रिकेटवाल्यांसाठी भाषांतर: जे तोवर कुणालाच जमलं नव्हतं, ते.

पण रॉकेट म्हटलं की भडकाही आलाच. 13 मार्च 1955 ला बॉस्टनमध्ये मारामारी झाली. रिशारने एका खेळाडूला काठी हाणली, वर लाइन्समनलाही ठोसा लगावला. लीगचे प्रेसिडेंट क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी उरलेल्या सीझनसाठी आणि प्लेऑफसाठीही बंदी घातली. रिशार फ्रेंच, कॅम्पबेल इंग्रजी. माँट्रियलच्या फ्रेंच माणसाला ही शिक्षा एका खेळाडूपुरती वाटलीच नाही. आणि कॅम्पबेलसाहेबांची हिंमत बघा, 17 मार्चला ते माँट्रियलच्या ‘फोरम’ स्टेडियममध्ये स्वतः मॅच बघायला हजर! आधी त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो, मग अश्रुधुराचं नळकांडं, मग बाहेर सेंट कॅथरिन स्ट्रीटवर दंगल आणि दुकानांची तोडफोड. मॅच डेट्रॉइटला बहाल. दुसऱ्या दिवशी रिशारला रेडिओवरून लोकांना शांत राहा म्हणावं लागलं. क्वेबेकच्या पुढच्या राजकीय जागृतीची ठिणगी अनेक जण इथे शोधतात. एका आइस हॉकी मॅचमध्ये! मला तरी या क्लबच्या 24 कपांपेक्षा ही एक हरलेली मॅच मोठी वाटते.

तेव्हा पॉइंट्सच्या टेबलात रिशार सगळ्यात वर होता. बंदीमुळे तो थांबला 74 वर, आणि त्याचाच टीममेट बर्नी जेफ्रिऑन 75 वर पोचला. एका पॉइंटने! घरच्याच प्रेक्षकांनी घरच्याच गड्याची हुर्यो उडवली, का तर गोल केले म्हणून. रिशारला स्कोअरिंगचा तो किताब आयुष्यभर मिळाला नाही. हे जेफ्रिऑन नाव लक्षात ठेवा, शेवटी परत भेटायचंय.

माहीत आहे का, रिशारची मिठीसुद्धा डेंजर होती? 1953 ची फायनल. ओव्हरटाइममध्ये एल्मर लॅकने विजयी गोल मारला. रॉकेट आनंदाने त्याच्यावर झेपावला आणि लॅकचं नाक फुटलं! कप मिळाला, नाक गेलं.

मोरिसचा धाकटा भाऊ आँरी. चणीने छोटा, म्हणून ‘पॉकेट रॉकेट’. खेळाडू म्हणून त्याने जिंकलेले स्टॅनली कप 11. हातांची बोटं मोजूनही मोजदाद अवघड, कारण अंगठी घालायला दहाच बोटं!

खेळाडू विकत घेतात, हे ऐकलंय. एका खेळाडूसाठी अख्खी लीग विकत घेतल्याचं? झाँ बेलिव्हो क्वेबेक शहरात हौशी म्हणवणाऱ्या लीगमध्ये मजेत खेळत होता. कमाई उत्तम, माँट्रियलला यायला तयार नाही. मग कॅनेडियन्सने 1953 मध्ये त्या लीगचेच हक्क घेऊन तिला प्रोफेशनल करून टाकलं. आता प्रो झाला म्हणजे करारानुसार आमचा! नवरदेव मिळेना म्हणून मांडववाल्यासकट हॉलच खरेदी.

वसूलही झाला हो. 5 नोव्हेंबर 1955, बॉस्टनविरुद्ध. तेव्हा नियम असा होता की पेनल्टी लागली की खेळाडूने पूर्ण दोन मिनिटं बाहेर बसायचं, मग समोरच्याने कितीही गोल करोत. बेलिव्होने 44 सेकंदांत तीन केले! पुढच्या सीझनला नियम बदलला, एक गोल झाला की किरकोळ पेनल्टी संपली. बाकीच्या टीम्सनी अक्षरशः हात जोडले असणार. पुढे हाच सभ्य बेलिव्हो खेळाडू आणि अधिकारी मिळून 17 कपांवर नाव कोरून बसला. त्याला कॅनडाचं गव्हर्नर जनरलपद देऊ केलं होतं, ते त्याने नातींना वेळ द्यायचाय म्हणून नाकारलं.

विणकाम करणारा गोलकीपर बघायचाय? झाक प्लांत! आपल्या लोकरी टोप्या हा स्वतः विणायचा. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट थेट तोंडावर. टाके घालून आला तो अटीसकट: मास्क घालेन, नाहीतर खेळणार नाही. कोच टो ब्लेकला मास्क मुळीच पसंत नव्हता. पण त्या काळी टीमकडे बदली गोलकीपर बाकावर बसवलेला नसायचा! नाइलाजाने हो म्हणावं लागलं. मास्क लावणारा प्लांत पहिला नव्हे, 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने थोडे दिवस लावला होता. पण चेहरा झाकायची फॅशन आणली ती या विणकराने.

या सगळ्या गँगने 1956 ते 1960 सलग पाच कप मारले. असं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. नेक्स्ट!

गोलकीपर केन ड्रायडन. 20 मार्च 1971 ला तो गोलमध्ये उतरला आणि समोरच्या बफेलोच्या गोलमध्ये कोण? सख्खा भाऊ डेव्ह! त्याच वर्षी तो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि पुढच्या वर्षी ‘सर्वोत्तम नवोदित’. हो, याच क्रमाने! आधी पीएचडी, मग बालवाडी. नंतर पगारावरून बिनसलं तर पठ्ठ्या अख्खा 1973-74 सीझन सोडून वकिलीची उमेदवारी करायला गेला. पुढे कॅनडाचा मंत्रीही झाला.

1976-77 चा सीझन तर विचारूच नका. 80 मॅच, हार फक्त 8. घरच्या मैदानावर हार? एक. त्यातला हिरो गी लाफ्लर, वाऱ्यावर सोनेरी केस उडवत धावणारा. आणि माहीत आहे का, 1979 मध्ये त्याने रेकॉर्ड काढली! विषय, हॉकी कशी खेळावी. पार्श्वसंगीत, डिस्को!! पाय थिरकवत पक पास करा.

गोलकीपर पॅट्रिक रॉय हे नाव वाचून तुम्हाला कोलकाता आठवलं ना? उच्चार ‘रुआ’ आहे, आणि फ्रेंचमध्ये रुआ म्हणजे राजा. हा राजा मॅचमध्ये गोलपोस्टशी गप्पा मारायचा! पोस्ट काय म्हणायचे ते त्यालाच ठाऊक, पण 1993 च्या प्लेऑफमध्ये त्याच्या टीमने ओव्हरटाइमच्या 10 मॅच ओळीने जिंकल्या.

त्याच वर्षीच्या फायनलची दुसरी मॅच. माँट्रियल एका गोलने मागे, दोन मिनिटंही उरलेली नाहीत. कोच म्हणाला, लॉस एंजेलिसच्या मॅकसॉर्लीची काठी मोजा. मोजली. वळण नियमापेक्षा जास्त! तो बाहेर, इकडे बरोबरीचा गोल, मग ओव्हरटाइममध्ये विजय. दोन्ही गोल आणि आधीचा एक, एकाच डिफेंडरचे, एरिक देजार्दाँचे. सरळ मार्गाने न मिळालेला विजय वाकड्या काठीने मिळवून दिला. पुढे फायनलही जिंकली, हाच तो 24 वा कप. त्यानंतर तीस वर्षं लोटली तरी कॅनडातल्या एकाही टीमला कप उचलता आला नव्हता.

रुआचा शेवट मात्र कडवट. 2 डिसेंबर 1995, डेट्रॉइटकडून 11-1. नऊ गोल खाईपर्यंत कोचने त्याला बाहेर काढलंच नाही. बाहेर आला, थेट मागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांकडे वळला आणि सांगून टाकलं की इथली ही माझी शेवटची मॅच. चार दिवसांत कोलोरॅडोला रवानगी. आणि त्याच सीझनचा कप कोणी जिंकला? कोलोरॅडोने.

नारिंगी केसाळ मॅस्कॉट ‘युपी’ आधी माँट्रियलच्या बेसबॉल टीमचा होता. टीमच शहर सोडून गेली, तर हा 2005 मध्ये हॉकीत आला. लीग बदलणारा पहिला मॅस्कॉट! जॉब गेला तर फील्ड बदला.

आणि कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर 2002 पासून काही वर्षं एका गोष्टीतला उतारा छापलेला होता. रॉक कॅरिएची ‘द हॉकी स्वेटर’. रिशारवेड्या मुलाला पोस्टाने चुकून टोरांटोची जर्सी येते, त्याची गोष्ट. पैशावर हॉकी, हॉकीवर पैसा.

आता परत जेफ्रिऑन. पण त्याआधी हॉवी मोरेन्झ, नंबर 7, वाऱ्याच्या वेगाचा खेळाडू. जानेवारी 1937 मध्ये मॅचमध्ये पाय मोडला आणि 8 मार्चला हॉस्पिटलमध्येच गेला. 11 मार्चला त्याला निरोप दिला तो फोरममध्ये, जिथे तो खेळायचा तिथेच. क्लबने सगळ्यात आधी निवृत्त केलेला नंबर हा 7.

त्याच फोरममधली शेवटची मॅच झाली 11 मार्च 1996 ला. म्हाताऱ्या रिशारला बर्फावर आणलं, तर लोक टाळ्या थांबवेचनात. तो हात हलवून बस म्हणतोय, डोळे पुसतोय, आणि टाळ्या चालूच.

बर्नी जेफ्रिऑनने लग्न केलं ते मोरेन्झच्या लेकीशी! त्याचा नंबर 5 निवृत्त करायचा सोहळा ठरला 11 मार्च 2006 ला. त्याच दिवशी सकाळी तो वारला. सोहळा मात्र झाला, आणि सासऱ्याचा 7 व जावयाचा 5 शेजारी शेजारी लटकले. त्यांचा मुलगा डॅनीही कॅनेडियन्सकडून खेळून गेला होता. आणि 2012 मध्ये डॅनीचा मुलगा ब्लेक याच टीमकडून बर्फावर उतरला, तेव्हा त्याच्या पाठीवर नंबर होता 57.