जिनसेंग: दाह आणि प्रतिकारशक्ती

जिनसेंगचं मूळ फाटे फुटून माणसाच्या आकृतीसारखं दिसतं. म्हणून त्याच्या चिनी नावातच ‘माणूस’ आहे. कोरियात साधारण ४ ते ६ वर्षांची मुळं काढतात. वाफवून वाळवली की ती तांबूस होतात; तेच लाल जिनसेंग.

संसर्ग झाला की पेशींतली ‘एनएफ-कप्पा-बी’ ही प्रथिनं दाह वाढवणारी रसायनं तयार करायला लावतात. पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांत जिनसेंगमधले ‘जिनसेनोसाइड’ हे घटक या प्रक्रियेला लगाम घालताना दिसले. उलट, मुळातल्या बहुशर्करा जंतू गिळणाऱ्या पेशींना चालना देतात. आतड्यातले जीवाणू जिनसेनोसाइडचं रूपांतर करतात आणि प्रत्येकाच्या पोटातले जीवाणू वेगळे. त्यामुळे परिणामही सारखा होत नाही. माणसांवरचे बरेच अभ्यास लहान असून त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मधुमेहाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिनसेंग घेऊ नये. आणि ‘इंडियन जिनसेंग’ म्हणून विकली जाणारी अश्वगंधा? ती वांग्याच्या कुळातली. जिनसेंगशी तिचं नातं नाही.